रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरीही



२०२२ साली ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच उदगीर गावात झालं. अध्यक्ष होते भारत सासणे. त्यांच्यासारखी भाषा माझ्याकडे नाही. मी ओपीडीची भाषा बोलणार, आणि विषयही ओपीडीतलाच आहे: थकवा.

‘अंगात त्राण नाही’, ‘हातपाय गळून गेलेत’, ‘दिवसभर पडून आहे पण डोळ्याला डोळा लागत नाही.’ बाई स्टुलावर बसून हे सांगते आणि मागे उभा असलेला नवरा म्हणतो, ‘मॅडम, एक पिवळं सलाईन लावून द्या.’ आपण डॉक्टर ते लावतो. मल्टिव्हिटॅमिन सोडलं की बाटलीला रंग येतो, रंगानं घरच्यांचं समाधान होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघावी तर सगळं ठीक. मग आपलं ठरलेलं वाक्य: काही नाही, आराम करा.

या आरामाबद्दलच मला बोलायचंय. कारण एक आजार असा आहे की त्यात माणसाला नेमका आरामच मिळत नाही. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम. पुष्कळदा तो एखाद्या तापानंतर सुरू होतो. २००६ची चिकनगुनियाची साथ आपण पाहिली, नंतर कोविड पाहिला. ताप गेला, पण काही माणसं पुन्हा उभी राहिली नाहीत, आणि त्यांना आपण ‘अशक्तपणा’ लिहून घरी पाठवलं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ साली या आजाराचे निकष नीट मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ, आधीची कामं जमू नयेत इतका थकवा. थोड्या श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, एकदम ढासळणं. झोपूनही ताजं न वाटणं. आणि यांच्या जोडीला डोकं बधिर होणं किंवा उभं राहिलं की त्रास होणं.

शरीर मेल्यासारखं पडलंय आणि आत मोटर चालूच आहे, असं हे पेशंट सांगतात. रात्री दोनला छाती धडधडते. आपल्याला ती ‘टेन्शन’ची लक्षणं वाटतात. पण यातल्या बऱ्याच जणांची स्वायत्त मज्जासंस्था बिघडलेली असते आणि ते तपासायला लातूरला पाठवावं लागत नाही. पेशंटला आडवं झोपवून नाडी मोजा. मग उभं करा आणि दहा मिनिटं मोजत राहा; कुणीतरी जवळ उभं असू द्या. रक्तदाब फारसा न उतरता प्रौढ माणसाची नाडी तीस किंवा जास्त ठोक्यांनी चढली आणि चढलेलीच राहिली, तर ते नाटक नाही. घड्याळ आणि बीपीचं यंत्र, एवढंच लागतं. दहा मिनिटं मात्र द्यावी लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

नाटक हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास तीनशे जण असेच आजारी पडले. त्यात बहुतेक दवाखान्यातलेच कर्मचारी होते. हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून, एकही पेशंट न तपासता, हा सामूहिक उन्माद होता असा निष्कर्ष छापला. त्यांचा एक आधार काय, तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या! आपल्याकडे सासू म्हणते, ‘हिला काय धाड भरलीय?’ तिनं निदान सुनेला डोळ्यांनी पाहिलेलं तरी असतं.

मग या आजारावर व्यायामाचं खूळ आलं. रोज थोडं थोडं वाढवत न्या, म्हणजे बरं वाटेल. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६४१ पेशंटांवरचा पेस नावाचा अभ्यास आला आणि जगभर हाच सल्ला दिला गेला. पेशंट ओरडत राहिले की आम्ही बिघडतोय. ‘बरा झाला’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या त्या अभ्यासात मध्येच सैल केली होती, हे नंतर उघड झालं. शेवटी २०२१ साली ब्रिटनच्या नाइस संस्थेनं ठराविक वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली.

मग काय करायचं, हे सांगताना मी पेशंटला बोअरचं उदाहरण देते. उन्हाळ्यात बोअरला पाणी कमी असतं, तेव्हा आपण मोटर थोडा वेळ चालवतो, बंद करतो, पाणी साठू देतो. कोरडी चालवली की मोटर जळते. आपल्या माणसांना हे एका झटक्यात कळतं. भाकरी बसून थापा, आंघोळ स्टुलावर बसून करा, धुणं आणि बाजार एका दिवशी नको. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकू नका. दोन दिवस अंथरुणात जातात ते त्यामुळेच. औषधानं हा आजार जात नाही, हेही सांगून टाकावं. झोप, दुखणं, चक्कर यांवर जेवढं करता येतं तेवढं करावं.

पण बसून भाकरी थापायची मुभा कुणाला आहे? विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांची पाहणी केली. ती २००५ साली ‘बीएमजे’त आली. सहा महिन्यांहून जास्त थकव्याची तक्रार १२.१ टक्के बायकांनी केली. या सगळ्यांना मी म्हणते तो आजार होता असं नव्हे. पण थकव्याचा संबंध कशाशी निघाला? गरिबीशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, मनाच्या दुखण्याशी. हिमोग्लोबिनशी निघाला नाही. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एक दिवस पडून राहिलं की मुकादम खाडा लावतो. त्या बाईला ‘आराम करा’ लिहून देणं म्हणजे तिला दंड भरायला सांगणं आहे. तिला माझ्या चिठ्ठीचा उपयोग किती, मला शंका आहे. तरी नवऱ्याला आत बोलावून, खुर्चीवर बसवून, ‘हा आजार आहे, आळस नाही’ असं डॉक्टरनं तोंडानं सांगितलं तर घरात काहीतरी हलतं, हे मी पाहिलंय.

दुपारच्या सत्रात रक्तक्षयावर चर्चा आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे, तेव्हा गोळ्या द्यायच्याच, त्यात वाद नाही. फक्त त्या सत्रातल्या वक्त्यांसाठी एक प्रश्न आधीच ठेवते. गोळ्यांनी हिमोग्लोबिन बारावर गेलं आणि बाई तरीही अंथरुणातून उठेना, तर तिच्या केसपेपरवर आपण काय लिहिणार?