परळीहून दोन दिवसांची मोटारयात्रा

मोटार दारांत उभी असली, कीं दोन दिवसांच्या सुटींत परळीपासून उदगीर-औशापर्यंत सारें पाहून यावें, असा मोह गृहस्थास होतो. परंतु बेत आंखावा तो मोटारीच्या वेगानें नव्हे, घरांतील आजींच्या पावलांनीं.

परळीस सकाळींच वैद्यनाथाचें दर्शन घ्यावें. या देवालयाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनीं केला. तेथून अंबाजोगाई सुमारें २५ किलोमीटर. योगेश्वरीचें दर्शन झाल्यावर, भर दुपारीं हत्तीखान्याच्या कोरीव लेण्यांत सावली मिळते. उन्हें उतरल्यावर मुकुंदराजांच्या समाधीकडे जावें. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनें शके १११० चा मानला जातो. मुक्काम तेथेंच करावा. दिवसभर मोटार हांकणारासही विसांवा हवा.

दुसऱ्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वीं धारूर गांठावें. १५६७ मध्यें आदिलशाही सरदार किश्वरखानानें बांधलेल्या या किल्ल्याच्या तटावरून बालाघाटच्या दऱ्या दिसतात. पावसाळा सरतां सरतां त्यांची शोभा विशेष. पाणी मात्र बरोबर असावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं घाट उतरावा.

उदगीर पुढील सुटीसाठीं राखावें. तेथील किल्ला आणखी एक वर्ष खुशाल थांबेल. आजींचे गुडघे थांबणार नाहींत.