मोठा ट्रॅक्टर घेण्याआधी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या गटचर्चेत कर्ज, व्याज, थकबाकी हे नेहमीचे प्रश्न आले. त्यात एक प्रश्न नवा होता, आणि त्यावर चहाच्या सुट्टीतही वाद चालू राहिला. एका गटाकडे अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्याचे कर्ज फिटत आले आहे. आता घरातून आणि गावातून सल्ला मिळतो आहे, की हा विका, पंचेचाळीसचा घ्या आणि मागे खोदाईची बकेट बसवा. म्हणजे नांगरटही होईल आणि जेसीबीचे कामही होईल. गटात दहा जणी आहेत. सहा जणींच्या घरी जमीन आहे, चार जणी मजुरी करतात. सहा जणींतल्या बहुतेक 'घेऊ या' म्हणतात. चार जणी गप्प आहेत. मला त्या गप्प बसण्याबद्दलही बोलायचे आहे, पण आधी यंत्राबद्दल बोलू.

यंत्राचा विषय आला की आपण चटकन म्हणतो, "त्यातले आम्हाला काय कळते, ते मालकांना विचारा." दीड तोळे सोने घेताना आपण चार दुकाने फिरतो. आठ लाखांचे कर्ज काढताना मात्र सही कुठे करायची एवढेच विचारतो. हे बदलायला हवे.

छोट्या ट्रॅक्टरचे काम आपल्या भागाने पाहिले आहे. तासगाव, मिरज भागात द्राक्षाच्या मांडवाखाली तो ओळीतून फिरतो, मागे ब्लोअर लावून फवारणी करतो. आटपाडीकडे डाळिंबाच्या बागेत चालतो. उसात आंतरमशागत करतो. तो अरुंद आणि हलका आहे म्हणूनच तो तिथे जातो. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर रुंद, उंच आणि दुपटीहून जास्त वजनाचा. मांडवाखाली तो अडतो, आणि ओल्या रानात त्याच्या चाकाखाली माती जास्त दबते. म्हणजे मोठा घेतला की छोट्याची सगळी कामे होतील आणि वर खोदाई होईल, हे खरे नाही. काही कामे हातची जातात. ती कोणती, हे आधी लिहून काढा.

दुसरी गोष्ट. बकेट मागे बसली की तिथे नांगर, रोटर, काही लागत नाही. ती काढायला आणि परत बसवायला वेळ लागतो, दोन-तीन माणसे लागतात. खोदाईचा हंगाम कोणता? फेब्रुवारी ते मे. रान मोकळे असते, पाऊस नसतो. नांगरटीचा, रोटरचा हंगाम कोणता? एप्रिल, मे, जूनची सुरुवात. दोन्ही कामे एकाच वेळी येतात. एक ट्रॅक्टर एका दिवशी एकच काम करणार. "एकात दोन यंत्रे" असे विकणारा सांगतो तेव्हा मे महिन्यात त्यातले कोणते चालणार, हे त्याला विचारा.

तिसरी गोष्ट बळाची. ट्रॅक्टरवरची बकेट मऊ मातीत, पाइपलाइनच्या चरीत, शेणखत भरायला चांगली चालते. माण, खटाव, जतच्या माळावर फूटभर खाली कठीण मुरूम लागतो, मग खडक. तिथे गावातला मोठा जेसीबी तिच्या किती तरी पुढे असतो. गिऱ्हाईक तासाचा दर पाहत नाही, काम किती झाले ते पाहते. आणि बकेट घ्यायचीच असेल तर ती ट्रॅक्टरच्या चासीला खालून पक्क्या सांगाड्याने जोडलेली घ्या. नुसती मागच्या तीन दांड्यांना अडकवली तर खोदाईचा धक्का ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येतो, आणि तो तडकला तर खर्च मोठा असतो.

आता हिशेब. मी आकडे धरून चालते. तुम्ही तुमच्या गावचे घाला. जुना विकून आलेली रक्कम भरल्यावर आठ लाखांचे कर्ज राहिले असे समजा. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याला हप्ता सुमारे १७,४०० रुपये, वर्षाला २,०८,८००. विमा, ऑइल, टायर, हायड्रोलिकचे पाइप, बकेटचे दात यासाठी वर्षाला ६०,००० धरा. झाले २,६८,८००. भाड्यातून डिझेल आणि ड्रायव्हरची मजुरी वजा जाऊन तासाला ४०० रुपये हातात राहतात असे धरू. मग हा खर्च भरून निघायला वर्षाला ६७२ तास काम हवे. दिवसाला सहा तास धरले तर ११२ दिवस.

फेब्रुवारी ते मे किती दिवस होतात? १२०. म्हणजे त्या चार महिन्यांत जवळजवळ रोज काम पाहिजे. बिघाड नको, गावची यात्रा नको, ड्रायव्हरच्या बहिणीचे लग्न नको, अवकाळी पाऊस नको. आणि ११२ ऐवजी ६० दिवसच काम मिळाले तर? मिळकत १,४४,०००. तूट १,२४,८००. दहा जणींत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला १२,४८० रुपये. मजुरी करणारी आपली मैत्रीण हे कुठून भरणार?

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. गटाच्या सगळ्या घरांना मिळून वर्षाला ४० तास खोदाई लागते असे धरू. भाड्याचे यंत्र तासाला १,२०० ला आणले तर ४८,००० रुपये. कर्ज नाही, दुरुस्ती नाही, रात्री राखण नाही. हे दोन हिशेब एका पानावर मांडले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा वाद पैशाचा नाही. तो मालकीचा आहे.

२०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि लहान शेतकरी यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान अशी रचना आली. महाराष्ट्रात ट्रॅक्टरला महिलांसाठी कमाल मर्यादा अनेक वर्षे सव्वा लाख रुपये होती, इतरांना एक लाख. (सध्याची मर्यादा तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, केलीत तर अनुदान जाते.) म्हणजे बाईच्या नावावर यंत्र घेतले तर घराला पंचवीस हजारांचा फायदा. त्यामुळे आपले नाव एकदम महत्त्वाचे झाले! पण चावी कोणाच्या खिशात असते? भाड्याचे पैसे कोण घेतो? आणि हप्ता थकला की बँकेचा माणूस कोणाच्या दारात येतो? अनुदान आपल्या नावाचे, कर्ज आपल्या नावाचे आणि ट्रॅक्टर भाऊजींचा, अशी वाटणी आपण ओळखली पाहिजे.

या भागात मालकीचा प्रश्न नवा नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशात वहिवाटदार म्हणून बायकांचे नाव शंभरातल्या साधारण १४ खात्यांवर होते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वारसा कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. सातारा-सांगलीत स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न उभा केला, तेव्हाही मुद्दा हाच होता, की राबणाऱ्या बाईच्या नावावर काय आहे? म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्याआधी संस्थापक बायका निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला होता. त्या बायका सही शिकल्या, आणि व्याजाचे गणित तोंडी करून दाखवायला गेल्या. गणित आपल्याला येते, हे त्यांनी केव्हाच दाखवले आहे.

म्हणून नावाबरोबर ताबाही आला पाहिजे. नोंदणी नसलेल्या गटाचा ट्रॅक्टर बहुतेक वेळा एका सदस्याच्या नावाने होतो. तसे करावे लागले तर वाटा कोणाचा किती, विकायचा झाल्यास निर्णय कोणाचा, हे ठराव करून स्टॅम्पपेपरवर घ्या. आरसी बुक, विमा आणि दुसरी चावी गटाच्या पेटीत ठेवा. यंत्र भाड्याने देणार हे विमा कंपनीला लेखी कळवा. शेतीपुरता विमा आणि भाड्याच्या कामावर अपघात, अशी गाठ पडली की भरपाई अडते. ट्रॉलीत बसून कामावर जाणाऱ्या बायकांना तर तो विमा साधारणपणे लागूच होत नाही.

आणि चालवायला शिका. हलक्या मोटार वाहनाचा परवाना ट्रॅक्टरला चालतो. सरकारने ड्रोन दीदी योजना आणली तेव्हा यंत्राबरोबर बाईचे प्रशिक्षणही ठेवले. मग ट्रॅक्टरलाच आपण बाजूला का उभे राहायचे? शिकताना एक पथ्य पाळा. मागे फिरणाऱ्या पीटीओच्या दांड्यावर झाकण असल्याशिवाय जवळ जायचे नाही. पदर, ओढणी, वेणी त्यात क्षणात ओढली जाते. बकेट चालू असताना तिच्या फेऱ्यात कोणी उभे राहायचे नाही, आणि उतारावर पाय टेकवल्याशिवाय खोदाई करायची नाही.

आता त्या चार गप्प मैत्रिणींकडे वळते.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर आपल्या आया-आज्या गेल्या. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते त्यांनी पाटी डोक्यावर घेऊन केले. १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क मानला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात मजूर हटवणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत अशी अट होती. तिच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा केला, पण त्या अटीमागचा विचार आपण सोडायचे कारण नाही. मोठे यंत्र एक ब्रास माती काही मिनिटांत काढते. तेवढ्यात दोन माणसांचा दिवस जात असे. गटाची बकेट गावात फिरू लागली की पहिली मजुरी जाणार ती गटातल्याच चौघींची. त्या 'नको' कशा म्हणणार? कर्जात त्यांचीही सही आहे, आणि उद्या खुरपायला बोलावणाऱ्या याच सहा जणी आहेत.

मी यंत्राच्या विरोधात नाही. डोक्यावर मातीची पाटी वाहण्यात काही थोरवी नाही. पाठ आणि मान कायमची जाते. २०१६ ला कोरेगाव तालुक्यातले वेळू आणि २०१८ ला माणमधले टाकेवाडी वॉटर कप स्पर्धेत पहिले आले. त्या स्पर्धेत बायकांचे श्रमदानही होते आणि यंत्रेही होती. हात आणि यंत्र एकत्र चालू शकतात. खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण झाले तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा द्यावा हा विचार मांडला गेला. पाण्याला लावला तोच नियम यंत्राला लावा. जमीन असो नसो, नफ्यात वाटा सारखा. ड्रायव्हर बाहेरून आणू नका, मजुरी करणाऱ्या मैत्रिणीला शिकवा. बाहेर जाणारी ती मजुरी तिच्या घरात जाऊ द्या. बांधाला दगड लावणे, गवत लावणे, चरीचे काठ नीट करणे ही हाताची कामे भाडे ठरवतानाच गटाच्या मजुरांसाठी राखा. आणि तूट आली तर ती जमीनवाल्यांनी आधी सोसायची, हे ठरावात लिहा. जमीनवाल्या मैत्रिणींना हे कबूल नसेल, तर तो ट्रॅक्टर गटाचा होणार नाही, त्या सहा घरांचा होईल. मग कर्जही त्या सहा घरांनी काढावे.

माझे मत विचाराल तर आज छोटा ट्रॅक्टर विकू नका. त्याचे कर्ज फिटू द्या. येत्या हंगामात खोदाईचे यंत्र भाड्याने घ्या आणि वही घाला. कोणाच्या रानात, किती तास, काय दराने, आणि किती जणांना 'यंत्र नाही' म्हणून परत पाठवले, एवढे चार रकाने पुरेत. दोन हंगामांनंतर वहीत सहाशे-सातशे तास दिसले तर मोठा घ्या, वरच्या अटींसह आणि छाती पुढे काढून घ्या. शंभर-दीडशे दिसले तर तुमचे आठ लाख वाचले.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल तेव्हा एकच पद्धत पाळा. आधी त्या चौघींना बोलू द्या, मग सहा जणींनी बोलायचे. आणि हात वर करून मत घेऊ नका, चिठ्ठ्या टाका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी 'हो'ला ज्वारीचा दाणा आणि 'नको'ला हरभऱ्याचा टाकावा. मोजणी सगळ्यांसमोर करा, आणि निघालेला आकडा वहीत लिहून ठेवा.