आधी यंत्राची झडती घ्या



दीक्षान्त समारंभाला आलेला पाहुणा सहसा ‘मोठी स्वप्नं बघा’ असं सांगून जातो. ते तुम्हाला आजवर पुष्कळ जणांनी सांगितलेलं असणार, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं सॉफ्टवेअरच्या सपोर्ट विभागात गेली. आपल्या धंद्यात या विभागाला फारसा मान नाही. नवं बांधणाऱ्यांचे फोटो कंपनीच्या भिंतीवर लागतात. बांधलेलं बिघडलं की फोन उचलणाऱ्यांना नाइट शिफ्ट मिळते. पण तिथे बसून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, आणि आज मी तेवढीच सांगणार आहे. वापरणारा माणूस म्हणाला की यंत्र चुकतंय, तर आधी यंत्राची झडती घ्या. माणसाची नंतर.

आपल्या उद्योगात नेमकं उलटं चालतं. तक्रार आली की पहिला प्रश्न, ‘तुम्ही काय दाबलंत?’ दुसरा, ‘बंद करून चालू करून बघितलंत का?’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याचा धीर सुटतो आणि तिकीट ‘युजर एरर’ या शेऱ्यानिशी बंद होतं. तिकीट किती तासांत बंद झालं हे काटेकोर मोजलं जातं. अडचण सुटली का, हे विचारायला कुणाला सवड नसते. डॅशबोर्ड हिरवा दिसला की साहेब खूश, क्लायंट खूश.

ही सवय कुठवर जाऊ शकते, हे ब्रिटनमध्ये दिसलं. १९९९पासून तिथल्या पोस्ट ऑफिसनं आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवायला घेतली. ती फुजित्सू कंपनीची. ब्रिटनमधल्या बऱ्याच पोस्ट शाखा म्हणजे गावातलं एखादं दुकान असतं. एका बाजूला पाव, दूध, वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला काचेआड पोस्टाची खिडकी. चालवणारा सब-पोस्टमास्तर स्वतःच्या जबाबदारीवर ती चालवतो आणि हिशेबात तूट आली तर ती त्याच्याकडून मागितली जाते. होरायझन आल्यावर ठिकठिकाणी अशी तूट दिसू लागली. रोकड मोजून बरोबर, पावत्या बरोबर, आणि पडद्यावर मात्र हजारो पौंड कमी. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना एकच उत्तर मिळे: असं फक्त तुमच्याकडेच होतंय.

लोकांनी आयुष्यभराची पुंजी ओतली, घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले. तरी तूट येतच राहिली. मग खटले सुरू झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक पोस्टमास्तर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. यातले सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसनं चालवले. तक्रारदार तेच, तपास करणारेही तेच. सरे परगण्यात पोस्ट चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१०मध्ये १५ महिन्यांची कैद झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला एप्रिल २०२१ उजाडला.

इंग्लंडच्या न्यायालयात तेव्हा असं गृहीत धरलं जाई, की उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबरच चालत होता. आता तुम्हीच सांगा, गावातल्या दुकानदारानं उलट पुरावा आणायचा कुठून? सर्व्हर त्याचा नाही, लॉग त्याच्या हातात नाहीत, कोड वाचता येत नाही.

होरायझनमधली एक चूक जरा जवळून बघा, कारण ती तुमच्या हातूनही होऊ शकेल अशी आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन शाखेत ८००० पौंडांची रोकड आल्याची नोंद करायची होती. स्क्रीन अडकली. पडदा अडकला की तुम्ही-आम्ही जे करतो तेच तिथल्या बाईंनी केलं. पुन्हा एंटर दाबलं, परत दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही, पण आत प्रत्येक वेळी ८००० पौंड नव्यानं जमा झाले. शेवटी हिशेबात २४,००० पौंडांची तफावत. एकच व्यवहार दोनदा आला तर तो ओळखून दुसरा सोडून द्यायचा, हे तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकलात. आयडेम्पोटन्सी म्हणून परीक्षेत लिहिलंतही असेल. तेवढं एक त्या कोडमध्ये धड नव्हतं.

पण चूक असणं हा गुन्हा नव्हे. चूक नसलेलं सॉफ्टवेअर मी आजवर पाहिलेलं नाही आणि तुम्हीही लिहिणार नाही. गुन्हा पुढचा. फुजित्सूकडे माहीत असलेल्या दोषांची अंतर्गत नोंदवही होती. ती आरोपींच्या वकिलांपर्यंत पोचली नाही. शाखेच्या हिशेबात बाहेरून, पोस्टमास्तरला न कळता, कंपनीची माणसं बदल करू शकत होती. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं की असं शक्यच नाही. हे शक्य आहे आणि आम्ही ते करत होतो, असं उघडपणे सांगणारा माणूस कुठून आला? फुजित्सूच्या सपोर्ट विभागातून. रिचर्ड रोल नावाच्या या इंजिनिअरनं आधी टीव्हीवर आणि मग २०१९मध्ये न्यायालयात साक्ष दिली. अ‍ॅलन बेट्स या वेल्समधल्या पोस्टमास्तरानं ५५५ जणांना एकत्र आणून लढलेला तो दावा होता. होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात खोटी तूट येऊ शकत होती, असा निकाल न्यायालयानं दिला. मे २०२४मध्ये ब्रिटिश संसदेनं खास कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. तोवर कित्येक जण हे जग सोडून गेले होते.

याच्या उलट, वापरणाऱ्याचं ऐकून घेतल्याचं उदाहरणही आहे. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते ८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. आधीच्या मॉडेलांमध्ये धोका रोखणारी यांत्रिक कुलपं होती. या मॉडेलमध्ये ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. १९८६च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात एक रुग्ण भाजला. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’. कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांना चूक पुन्हा घडवता आली नाही, आणि इतकी जास्त मात्रा जाणं अशक्य आहे असं सांगून गेले. तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण. तेव्हा रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आपल्या ऑपरेटरला घेऊन यंत्रासमोर बसले आणि तिनं त्या दिवशी जे टाइप केलं ते पुन्हा पुन्हा टाइप करायला लावलं. उलगडा झाला तो तिच्या वेगामुळे. रोजचा हात बसलेली ती ऑपरेटर मजकूर इतक्या झपाट्यानं दुरुस्त करायची, की आठ सेकंदांच्या आत झालेला बदल यंत्राच्या एका भागाला कळायचा आणि दुसऱ्याला नाही. सावकाश टाइप करणाऱ्या इंजिनिअरांना ती चूक दिसणारच नव्हती. हेगर यांनी काय केलं, तर ऑपरेटरचं म्हणणं खरं धरलं आणि ते खरं कसं असू शकेल, हे शोधत बसले. इंजिनिअरिंग म्हणतात ते याला.

आपल्याकडे काय दिसतं? रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर बांधकाम मजुराचा अंगठा लागत नाही, कारण वीट-सिमेंट उचलून ठसे झिजलेले असतात. मशीन म्हणतं जुळत नाही, दुकानदार म्हणतो सिस्टीम घेत नाही. नियमात पर्याय असतात. काउंटरवर ते कुणाला माहीत असतात का, हा प्रश्न वेगळा. आपली नावंच घ्या. आपण नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव असं लिहितो. फॉर्मला ‘फर्स्ट’ आणि ‘लास्ट’ एवढेच रकाने माहीत. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असा पत्ता असलेल्या माणसाला फॉर्म रस्त्याचं नाव आणि फ्लॅट नंबर विचारतो; लाल फुली आली की चूक त्याची. खरं तर चूक ज्यानं खेड्यातला पत्ता कधी डोळ्यांसमोर आणलाच नाही, त्या डिझायनरची.

याहून वाईट म्हणजे जाणूनबुजून लावलेले सापळे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत १३ प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता खरेदीच्या यादीत एखादी वस्तू घुसवणं, सबस्क्रिप्शन घ्यायला एक क्लिक आणि सोडायला दहा पानं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं. हे सगळं आपोआप उगवलेलं नाही. कुणीतरी बी.ई. झालेल्यानंच ते स्प्रिंटमध्ये लिहिलं, दुसऱ्यानं टेस्ट केलं, आणि रिलीज झाल्यावर टीमनं पिझ्झाही खाल्ला. अशा स्क्रीनवर फसलेल्यालाही आपण म्हणतो, नीट वाचायला हवं होतं.

आता तुमच्या हाताशी कोड लिहून देणारं एआय आहे. वापरा, जरूर वापरा. पण ते अस्खलित बोलतं, म्हणून त्याच्यावर पटकन विश्वास बसतो. आणि यंत्र बरोबरच असणार, हा जुना रोग यामुळे बळावणार आहे. ज्या ओळी तुम्हाला समजावून सांगता येत नाहीत त्या प्रॉडक्शनमध्ये पाठवू नका. उद्या कुणाचं कर्ज किंवा कुणाची पेन्शन अडकली, तर ‘ते मॉडेलनं लिहिलं होतं’ हे उत्तर चालणार नाही.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, हिशेब दोघांना दिसू द्या. किराणा दुकानात उधारी गिऱ्हाइकासमोर लिहिली जायची आणि त्याची एक प्रत त्याच्या स्वतःच्या वहीत असायची. भांडण झालं तर दोन वह्या पुढ्यात यायच्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं, कधी, कुणी, याची नोंद वापरणाऱ्याच्याही हाती असू द्या. दुसरी, तुम्ही कितीही मोठे आर्किटेक्ट झालात तरी महिन्यातून एक दिवस सपोर्टच्या फोनवर बसा. तिसरी विनंती जरा जड आहे. माहीत असलेला दोष लपवून ‘सगळं ठीक आहे’ असं लिहून द्यायला कुणी सांगितलं, तर तो दोष आधी ईमेलमध्ये लिहा. मला ठाऊक आहे, घराचा हप्ता असतो, अप्रेझल असतं, ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो. नोकरीवर पाणी सोडा असं मी म्हणत नाही. सत्य लेखी ठेवा, आणि कुणाला तुरुंगात पाठवायला किंवा कुणाच्या तोंडचा घास काढायला तुमची सही वापरू देऊ नका.

पालकांनाही एक सांगतो. तुमच्या मुलांचं शिक्षण कशातून झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसातल्या खिडकीवर, बँकेत, मोबाइलवर यंत्रानं तुम्हाला चुकीचं ठरवलं, तर लगेच ‘आम्हाला यातलं काय कळतं’ असं म्हणू नका. विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

मित्रमैत्रिणींनो, लवकरच तुमचा फोन वाजेल आणि पलीकडून कुणी अनोळखी माणूस घाबरत म्हणेल, ‘साहेब, मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे.’ त्याला इतकंच सांगा, ‘असू शकेल. मी बघतो.’ आणि मग खरोखर बघा.