राणी मारिया : उदयनगरच्या सिस्टर



मराठी मंडळाच्या व्यासपीठावर एका केरळी ख्रिस्ती संन्यासिनीचे नाव कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. ज्या इंदूर-देवासला आपण पिढ्यान् पिढ्या आपले घर म्हणतो, त्याच मातीत ही बाई राबली आणि मारली गेली. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी गावी, शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मसंघात त्या दाखल झाल्या. आधी उत्तर प्रदेशात बिजनोर, मग सतना धर्मप्रांत, असे करत १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या.

तिथला आदिवासी शेतमजूर सावकाराच्या वहीत अडकलेला होता. पावसाच्या तोंडावर बियाण्याला पैसे घ्यायचे आणि पीक आले की ते व्याजापोटी द्यायचे. अंगठा देणाऱ्याला वहीतला आकडा वाचता येत नव्हता. सिस्टरांनी उपाय केला तो अगदी साधा. बायाबापड्यांचे बचत गट केले, सरकारी योजना समजावून सांगितल्या, बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. मजूर सावकाराच्या दारी जाईनासा झाला, तसे ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांचे पित्त खवळले.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या होत्या. वाटेत नाचनबोरच्या डोंगराळ भागात समंदरसिंह याने त्यांना सुऱ्याने भोसकले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय अवघे ४१. बसमध्ये प्रवासी होते; आडवे कोणी आले नाही.

समंदरसिंहला जन्मठेप झाली. पुढे २००२ मध्ये सिस्टरांची धाकटी बहीण, स्वतःही संन्यासिनी असलेल्या सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. कुटुंबाने माफी दिली, सुटकेसाठी शब्द टाकला. २००६ मध्ये तो सुटला, केरळात जाऊन त्याने त्यांच्या आईवडिलांची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच झालेल्या सोहळ्यात चर्चने राणी मारियांना 'धन्य' घोषित केले.

मंडळी, अशा माणसांवर एक शिक्का हमखास मारला जातो : बाहेरचे. तो शब्द आपल्यालाही नवा नाही. अडीचशे वर्षांहून अधिक काळ माळव्यात राहूनही कधीमधी तो आपल्या कानावर येतोच. माणूस इथला की तिथला हे जन्मगावावरून ठरवायचे, की तो कुणाच्या अडीअडचणीला उभा राहिला यावरून? धर्मांतराविषयी आपल्यापैकी प्रत्येकाचे मत असू शकते, त्यावर वाद जरूर व्हावा. पण सावकारी पाशातून गरीब सुटावा, यावर आपल्यात दुमत असू नये.

शेवटी एकच सांगतो. माफी देणे मोठे, ते त्या कुटुंबाने केले. आपल्या वाट्याला त्याहून सोपे काम आले आहे. आपल्या शेतावर, दुकानात, घरी राबणाऱ्याचे बँकेत खाते आहे का, त्याला आकडा वाचता येतो का, एवढे आपण विचारू या. आणि डोळ्यांदेखत अन्याय होत असेल, तर त्या बसमधल्या प्रवाशांसारखे जागेवर बसून राहू नये.