संशय आई-वडिलांवरच असेल तर...

लहान मुलाच्या अंगावर वारंवार वळ दिसतात आणि संशय घरच्यांवरच येतो. अशा वेळी मुलाबाबतचा निर्णय कोण घेतं?

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार हे काम बाल कल्याण समितीचं. अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असतात. ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे हजर करावं लागतं. मग सामाजिक तपासणी होते. त्यात घरची परिस्थिती पाहिली जाते आणि मुलाचं म्हणणंही ऐकलं जातं. अंतिम आदेश साधारणपणे चार महिन्यांत अपेक्षित असतो.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. पालकाला शिक्षा द्यायची तर फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी मात्र त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. समिती देखरेखीच्या अटीवर मूल पालकांकडे परत देऊ शकते, योग्य नातेवाइकांकडे सोपवू शकते किंवा बालगृहात ठेवू शकते. बालगृह हा शेवटचा पर्याय, असं कायदाच सांगतो. निकष एकच, मुलाचं सर्वोत्तम हित.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. म्हणून श्रोतेहो, शंका आली तर पुराव्यासाठी थांबू नका. 1098 या मोफत क्रमांकावर कळवा.