योग्य वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर आहेच. मी मात्र त्यांना 'सर' एवढेच म्हणणार आहे. या वास्तूत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. ते व्यायामशिक्षक, मी मराठीचा प्राध्यापक. त्यांचा संसार फक्की, शिट्टी आणि चेंडू यांचा, माझा शब्दांचा. तरीही मी आज खेळाविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे.

महिन्यापूर्वी मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, माजी विद्यार्थ्यांच्या फुटबॉल मंडळापुढे मुलींचा संघ काढण्याचा प्रस्ताव आला आहे, आणि 'काढावा की नाही' याबद्दल मतभेद नाहीत; मतभेद आहेत ते 'केव्हा काढावा' याबद्दल. ते ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. कारण याच प्रश्नाचे एक उत्तर सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्याची कबुली देण्यासाठी यापेक्षा योग्य व्यासपीठ मला मिळणार नाही.

१९८८ साली मी आपल्या गावातल्या एका क्रीडामंडळाचा मानद चिटणीस होतो. मंडळाचे नाव सांगत नाही. त्यातली बहुतेक मंडळी आज हयात नाहीत. खेळाशी माझा संबंध पोलो मैदानावर सामने पाहण्यापुरता. पण इतिवृत्त चांगले लिहितो, म्हणून मला चिटणीस केले होते. एका सभेत सरांनी प्रस्ताव मांडला : शाळेतल्या काही मुली फुटबॉल खेळू इच्छितात, मंडळाने त्यांचा संघ काढावा. विरोधात कोणी कडवट बोलले नाही. खजिनदार म्हणाले, पुरुषांच्या संघालाच बूट पुरत नाहीत. दुसरे म्हणाले, कपडे बदलण्यासाठी खोली नाही. तिसऱ्यांनी पालकांची काळजी वाहिली. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, कोणी दुखावणार नाही असं काहीतरी लिहा."

मी लिहिले : 'प्रस्ताव स्तुत्य असून योग्य वेळी त्याचा साकल्याने विचार करण्यात यावा.' सर्वांना वाक्य आवडले. सर्वानुमते मंजूर झाले. सभा संपल्यावर सरांनी ते वही हातात घेऊन वाचले आणि मला एवढेच विचारले, "योग्य वेळ झाली, हे कुणी कुणाला कळवायचं ठरलंय?" मला उत्तर देता आले नाही.

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'वेळ' या शब्दाला निदान दोन अंगे आहेत. एक 'वेळ येणे' यातली वेळ. ती आपल्या हातात नसते. आपण तिची वाट पाहतो. दुसरी 'वेळ देणे' यातली. ती पूर्णपणे आपल्या हातात असते. मी त्या इतिवृत्तात दुसऱ्या वेळेच्या जागी पहिली वेळ घातली. मुली मैदानावरची वेळ मागत होत्या. आम्ही त्यांना इतिहासातली वेळ दाखवली.

आणि ती ऐतिहासिक वेळ तरी खरोखरच आली नव्हती काय? त्या खोलीत बसलेल्या आम्हा बाराजणांचे अज्ञान आज मला लाजवते. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ सालीच स्थापन झाला होता. १९८० च्या आरंभी कालिकतला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारताचा संघ उपविजेता ठरला होता, आणि १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. म्हणजे मुलींनी फुटबॉल खेळण्याची वेळ आली आहे की नाही यावर आम्ही १९८८ साली खल करीत होतो, तेव्हा या देशाच्या मुली आशियात दोनदा दुसऱ्या आलेल्या होत्या! वेळ आलेली होती. आम्हालाच पोहोचायला उशीर झाला होता.

हा दोष केवळ आमचा नव्हता. ज्या इंग्लंडने हा खेळ जगाला दिला, तेथे २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर नावाच्या कारखान्यातील स्त्रियांचा संघ खेळला, तेव्हा सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते, आणि हजारोंना जागेअभावी बाहेर थांबावे लागले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, असे कारण दिले गेले. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. वेळ आली नव्हती म्हणून हे घडले, असे कसे म्हणावे? वेळ आलेली होती, आणि ५३ हजार माणसे तिला साक्षी होती. काढून घेतले गेले ते मैदान.

बार्सिलोनाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७० सालच्या नाताळात त्या शहरातल्या मुलींचा संघ क्लबच्या मुख्य मैदानावर खेळला. क्लबने महिला संघाला आपला अधिकृत विभाग म्हणून स्वीकारले ते २००२ साली. मधली तीसेक वर्षे मुली खेळतच होत्या. क्लब 'योग्य वेळेची' वाट पाहत होता. त्याच बार्सिलोनाच्या महिला संघाने २०२१, २०२३ आणि २०२४ साली युरोपचे विजेतेपद मिळवले, आणि एप्रिल २०२२ मधील त्यांचा एक सामना पाहायला ९१,६४८ प्रेक्षक आले. मँचेस्टर युनायटेडने तर २००५ साली आपला महिला संघ बंद केला आणि २०१८ साली पुन्हा उभा केला. त्या तेरा वर्षांत ज्या मुली चौदाच्या सत्तावीस झाल्या, त्यांना ती वर्षे कोणत्या ठरावाने परत मिळणार?

परंतु याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा एकदा गोड वाक्य लिहिल्यासारखे होईल. संघ लवकर काढणे एवढ्यानेच पुण्य पदरी पडत नाही. आपल्या महाराष्ट्रातलेच पाहा. देशातली पहिली इंडियन विमेन्स लीग २०१७ च्या आरंभी झाली. इंडियन सुपर लीगमधल्या बड्या क्लबांपैकी एकट्या एफसी पुणे सिटीने तीत महिलांचा संघ उतरवला. ही गोष्ट निःसंशय गौरवाची. पण २०१९ साली तो क्लबच बंद झाला, आणि त्याबरोबर त्या नावाखाली खेळण्याची मुलींची वाटही बंद झाली. पुरुषांच्या संघाचीही तीच गत झाली, हे खरे. परंतु पुरुष खेळाडूंना दार ठोठावण्यासारखे दुसरे दहा क्लब होते. मुलींना फार थोडे. म्हणून मुलींचा संघ काढताना 'केव्हा' याच्या जोडीला 'किती काळ' हेही विचारावे लागते. उद्घाटनाला नारळ फोडायला पुष्कळ हात पुढे येतात. तिसऱ्या वर्षी बुटांचे बिल भरायला एकदोनच उरतात.

मग करावे काय? याचे उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंड-स्पेनला जाण्याची गरज नाही. आपण बडोद्यात राहतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, तो एकदम सर्व राज्यात नव्हे. अमरेली भागातली मोजकी गावे त्यांनी निवडली. मात्र त्या मोजक्या गावांत मुलांबरोबर मुलीही होत्या. मुलींचे नंतर पाहू, असे त्यांनी म्हटले नाही. मग १९०६ साली ती सक्ती राज्यभर लागू झाली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा हे वय ठरले. मुलींची वर्षे कमी होती, ही उणीव आज आपल्याला दिसते. परंतु लोकमत तयार नाही, पैसा नाही, शिक्षिका नाहीत, ही सारी कारणे त्या काळी आमच्या मंडळापेक्षा कितीतरी अधिक खरी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते सरकारने वेळ आली नसल्याच्याच सबबीवर बाजूला सारले. देशभर मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो २०१० साली. बडोदे वेळेची वाट पाहत बसले नाही. लहान आरंभ केला, पण मोडू दिला नाही. महाराणी चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. असा वारसा असलेल्या गावात बसून मी 'साकल्याने विचार करण्यात यावा' असे लिहिले, याचे मला आज अधिकच वाईट वाटते.

सरांनी मात्र त्या आठवड्यातच आपला ठराव अमलात आणला. मंडळाचे मैदान मिळाले नाही, तर आपल्या शाळेचे होते. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिले : 'सकाळी ६ ते ७, मुली, फुटबॉल.' पहिल्या सोमवारी सात मुली आल्या. अकरा कधी झाल्याच नाहीत, निदान पहिल्या वर्षी तरी. सर स्वतः गोलात उभे राहत. पावसाळ्यात चिखल झाला, परीक्षा आल्या, एकदोघींच्या घरून निरोप आले. पण फळ्यावरची ओळ पुसली गेली नाही. मुलांच्या संघाचा सामना असला की एरवी मुलांची वेळ पुढेमागे होई. मुलींची ती वेळ सरांनी कधी हलवली नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, "सर, सात मुलींसाठी एवढा अट्टाहास कशाला?" तर म्हणाले, "सातच आहेत म्हणून. सत्तर असत्या तर त्यांनी मला हलू दिलं नसतं."

त्यातली कोणी देशासाठी खेळली नाही, हे मला सांगितले पाहिजे. व्याख्यानात असे यश जोडण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. त्या सातजणींपैकी एक गेल्या दिवाळीत मांडवीजवळ भेटली. आता पन्नाशी ओलांडलेली. मी उशिरा का होईना, तिला त्या इतिवृत्ताची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "काका, संघ नव्हता हे खरं. पण सहाची वेळ आमची होती. घरात तेव्हा आमचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं."

तेव्हापासून आजवर पुष्कळ पालटले आहे. २०२० साली बंगळूरला झालेल्या महिला लीगमध्ये बडोदा फुटबॉल अकादमीचा संघ आपल्या गावाचे नाव घेऊन उतरला. डिसेंबर २०२४ मध्ये कोटंबीच्या नव्या क्रिकेट मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीजच्या महिला संघांचे एकदिवसीय सामने झाले. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या महिला क्रिकेट संघात बडोद्याकडून खेळणारी राधा यादव होती. आता 'वेळ आली नाही' असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. पण हीच घटना मला सावध करते. पूर्वी आम्ही वेळ आली नाही म्हणून थांबलो. आता वेळ आली आहे म्हणून केवळ नावापुरता संघ निघण्याची भीती आहे. छायाचित्र छापून येईल, आणि मैदान मात्र संध्याकाळी पूर्वीप्रमाणेच मुलांचे राहील.

म्हणून आपल्या फुटबॉल मंडळाला माझी विनंती आहे. ठरावात 'केव्हा' या शब्दाच्या जागी चार गोष्टी लिहा. मैदानाची कोणती वेळ मुलींची, आणि ती कोणासाठीही हलणार नाही ना? त्यांना शिकवणार कोण? निदान तीन वर्षांचा खर्च कोठून येणार? आणि कार्यकारिणीत त्यांच्या बाजूने बोलणारी स्त्री कोण? या चार ओळी भरता आल्या, तर मुली सात असल्या तरी आरंभ करा. भरता येत नसतील, तर निदान 'योग्य वेळी' असे लिहू नका. 'आम्हाला जमत नाही' असे स्वच्छ लिहा. त्या शब्दांत निदान कोणाची चूक आहे ते कळते, आणि मुलींना दुसरे दार शोधता येते. माझ्या वाक्याने त्यांना नकारही दिला नाही आणि मैदानही दिले नाही.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की, शब्द जपून वापरावा. तो मी एकदा फारच जपून वापरला, इतका की त्यात कोणाला काहीच मिळाले नाही. सरांनी फळ्यावर खडूने चार शब्द लिहिले. ते व्याकरणदृष्ट्या वाक्यही नव्हते. पण माझ्या हातून निघालेल्या कोणत्याही प्रबंधापेक्षा आज मला ते अधिक मोलाचे वाटतात.

सरांच्या स्मृतीस वंदन करून मी येथेच थांबतो.