वेदनेपाशी औषध नेणारे वाहन



मधुमेहाने मज्जातंतू बिघडले की तळपायांची आग होते, रात्रीची झोप उडते. त्यावरची प्रेगाबालिनची गोळी काम करते ती मज्जारज्जूत आणि मेंदूत. म्हणून गुंगी येते, तोल जातो, वृद्ध माणूस पडते. औषध दुखऱ्या तंतूपाशीच नेऊन ठेवता आले तर?

त्यासाठी वाहन हवे. १९६० नंतरच्या दशकात केंब्रिजजवळ बॅब्रहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी दाखविले की, अंड्याच्या बलकातील लेसिथिन पाण्यात मिसळले म्हणजे त्याच्या सूक्ष्म पिशव्या आपोआप बनतात. हेच लायपोसोम. त्यांत भरलेले औषध हळूहळू पाझरते. १०० नॅनोमीटरच्या १०,००० पिशव्या ओळीने मांडल्या, तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल!

परंतु वाहन नवे म्हणून गुण अधिक, असे नव्हे. बधिरता आणणारे ब्युपिव्हाकेन याहून बऱ्याच मोठ्या लायपोसोमांत भरून अमेरिकेत २०११ साली शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी मान्य झाले. २०२१ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तंतूभोवती टोचलेले साधे ब्युपिव्हाकेनही त्याच्या मागे पडलेले दिसले नाही. मधुमेही वेदनेवरचे असे प्रयोग तर अजून मुख्यतः प्राण्यांवरच चालले आहेत.

तेव्हा ‘नॅनो’ या शब्दाला भुलू नका. साखर ताब्यात ठेवा, तळपाय रोज न्याहाळा. वाहन येईल तेव्हा येवो. तोवर पाय शाबूत राहिले पाहिजेत.